मानशीकरांचं सुतक

माझी आई गेली तेव्हा मला तीन दिवसांचं सुतक होतं. लग्न झालेल्या मुलीला आईबापाचं तेवढंच, असं भटजींनी सांगितलं आणि चौथ्या दिवशी मी शाळेत जाऊन तिसरीच्या मुलांकडून पाढे म्हणून घेतले. पुढे बऱ्याच वर्षांनी वास्कोला बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ एक्याण्णवाव्या वर्षी वारले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. त्यांचं मात्र मी दहा दिवस पाळलं, कारण त्यांचं आडनाव मानशीकर होतं. हे कसं घडलं ते मला एकदा नीट सांगायचं आहे.

माझे यजमान गोकुळदास मानशीकर वीज खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आमचं घर पेडणे तालुक्यात, कोरगावला. त्यांच्या निवृत्तीच्याच सुमारास शेजारच्या वाड्यावरच्या एका घराण्याने तीनशे पानांचा कुलवृत्तांत छापला, प्रकाशनाला यांना पुढच्या रांगेत बसवलं आणि एक प्रत हातात दिली. ती घेऊन हे घरी आले आणि जेवलेच नाहीत. "तीनशे पानां," एवढंच म्हणाले. छत्तीस वर्षं संसार केल्यावर माणसाचं नेमकं कुठे दुखतंय ते बायकोला विचारावं लागत नाही. महिन्याभरात आमच्या जेवणाच्या मेजावर छापील अर्जांचे गठ्ठे आले आणि आम्ही दोघं आणि आमची गौरवी स्वयंपाकघरात पाट मांडून जेवू लागलो.

अर्जात मूळ गाव, कुळदैवत, पणजोबांचं नाव, शिक्षण, हुद्दा, परदेशी असल्यास देश, असे रकाने होते. बायकांना एकच रकाना, 'पत्नी', आणि तोही इतका अरुंद की माझं भाग्यलक्ष्मी हे नाव त्यात मावेना. "भा. लक्ष्मी असे लिहावे," यांनी सुचवलं. कुलवृत्तांताचे चिटणीस झाल्यापासून हे घरातही छापील मराठी बोलू लागले होते. मी रकाना कोरा ठेवला. पुस्तकात तो तसाच कोरा छापला गेला आणि आजतागायत एकाही मानशीकराच्या ते लक्षात आलेलं नाही.

मानस म्हणजे खाजनाच्या, खाडीकाठच्या शेताच्या, बांधाला असलेलं लाकडी दार. भरतीला ते मिटतं आणि खारं पाणी शेतात येऊ देत नाही. आमचे पूर्वज ते दार राखायचे, म्हणून मानशीकर. हे माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी बांधावर उभं राहून दाखवलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. पण कुलवृत्तांताला दार पुरत नाही, किल्ला लागतो. तेरेखोलच्या किल्ल्यावर आपला कुणीतरी किल्लेदार असावा असं समितीला पहिल्या बैठकीत वाटलं, आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत तो होताच असं ठरलं. पुराव्यासाठी हे चार वेळा पणजीला जाऊन जुने कागद पाहून आले. कागद पोर्तुगीजमध्ये, आणि यांचं पोर्तुगीज जनेल म्हणजे खिडकी आणि कदेल म्हणजे खुर्ची यांच्यापुढे जात नाही. तरी एका पानाचा फोटो आणलाच आणि 'दुर्मीळ दस्तऐवज' म्हणून पुस्तकात घातला. ती कुणाच्या तरी मेलेल्या म्हशीबद्दलची तक्रार होती, हे एका जाणकाराने सांगेपर्यंत पान छापून झालं होतं.

समितीचे अध्यक्ष डिचोलीचे यशवंतबाब मानशीकर. खाणी जोरात होत्या तेव्हा त्यांचे ट्रक खनिज ओढायचे. खाणी बंद पडल्यावर त्यांनी हार्डवेअरचं दुकान टाकलं. छपाईचा भार त्यांनी उचलला, म्हणून पहिल्या पानावर देवाचा फोटो आणि दुसऱ्यावर त्यांचा. देवाचा थोडा लहान आला आहे.

शेजाऱ्यांची तीनशे पानं, म्हणजे आपली चारशे हवीत. चारशे पानं भरायची तर माणसं हवीत. तेव्हा आडनाव मानशीकर असलं की पुरे, असा नियम झाला. वास्को, कारवार, बेळगाव, सावंतवाडी, जिथून म्हणून उत्तर आलं तिथल्या सगळ्यांना घेतलं. प्रत्येकाने वंशावळ पाठवली. कुणाचा मूळपुरुष किल्लेदार, कुणाचा दिवाण, कुणाचा राजवैद्य. शेतात राबलेला एकही नाही. इतक्या पिढ्या जेवल्या काय कोण जाणे. अशी एकशे बारा घरं जमली आणि फोनवर 'समस्त मानशीकर' नावाचा ग्रुप निघाला, ज्यावर रोज सकाळी साडेचारशे लोक एकमेकांना फुलं पाठवत.

एकच घर समितीने नाकारलं, ते शिरगावचं.

महादेव मानशीकर शिरगावहून दोन बस बदलून स्वतः आला होता. अर्ज त्याच्या मुलीने, शीतलने, स्वच्छ अक्षरात भरलेला. रविवारची बैठक आमच्याच ओसरीवर होती आणि मी चहा देत होते. यशवंतबाबांनी अर्ज चष्म्याच्या वरून पाहिला. महादेवने पंचवीस वर्षं त्यांच्याच ट्रकांवर खनिज भरलं होतं, दर महिन्याला त्यांच्याच हजेरीपटावर सही केली होती. पण त्याचं आडनाव त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"तू मानशीकर?" ते म्हणाले. "आडनाव कोणीही लावतो. पुरावा आहे काय?"

"कागद ना, बाब," महादेव उभ्यानेच म्हणाला. "बापूय सांगतालो. बांध फुटलो, शेतात खारें पाणी भरलें, तेन्ना तिगां भावांतलो एक शिरगावाक गेलो."

"सांगतालो म्हणजे पुरावा नव्हे."

महादेव माझ्याकडे पाहून म्हणाला, "आबा गेले त्या वर्सा हांव जात्रेक गेलों ना. वयनीक खबर आसा."

समितीला काही कळलं नाही. मला कळलं, आणि गोकुळदासांनाही कळलं. महादेव सोळाव्या वर्षापासून लईराईचा धोंड. धोंड जात्रेआधी व्रत धरतात, सोवळ्यात राहतात आणि देवीच्या नावाने निखाऱ्यांवरून चालत जातात. सुतक आलं की ते सगळं राहिलं. आबा जात्रेच्या चार दिवस आधी गेले. महादेवने आपली वेताची काठी कोपऱ्यात उभी केली आणि दारासमोरून जाणारे धोंड पायरीवर बसून पाहिले. दहाव्या दिवशी डोकं आणि मिशी उतरवून तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला होता. आम्ही त्याला साधा निरोपही धाडला नव्हता; कुणाकडून तरी ऐकून त्याने सुतक धरलं होतं. "ते शिरगावचे आपले," आबा नेहमी म्हणायचे. तेव्हा ते कुणी लिहून ठेवलं नाही, कारण लिहून ठेवण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलं नाही.

गोकुळदास खाली मान घालून पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. मग त्यांनी अर्जावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'पुराव्याअभावी नामंजूर'. मला त्यांचा इतका राग आला की उरलेला चहा मी मोरीत ओतला. महादेव मात्र कप विसळून पालथा घालून, "येतां, वयनी," म्हणून गेला.

प्रकाशनाआधी देवाचा कौल घ्यायचं ठरलं. आमच्याकडे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायला, आमच्या देवळातला सदाशिव. तो लहानपणापासून गाऱ्हाणी घालतो आणि गाऱ्हाणं म्हणजे त्याच्या लेखी वकिली कागद; एकही कलम सुटता कामा नये.

"बा देवा म्हाराजा," सदाशिवने सुरू केलं, "ही तुझी मानशीकर लेकरां तुझ्या दारात जमली आसत. जो कोण मानशीकर, तो एक घर, एक कूळ, एक सोयर, एक सुतक, अशी तुझ्या पायाकडे बोली करतत. ती मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," साडेचारशे मानशीकर म्हणाले. उजवी पाकळी लगेच पडली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, यशवंतबाबांनी सगळ्यांना जेवण दिलं आणि त्या वाक्यात आपण काय कबूल केलं याचा विचार एकाही माणसाने केला नाही. मीही नाही, मी भाजीत मीठ पाहत होते.

पुस्तक आलं. चारशे चार पानं. तीन आठवड्यांनी वास्कोचे ते क्रेनवाले गेले. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली, यांनीही हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि गौरवीच्या साखरपुड्याची यादी करायला बसले. तेवढ्यात आमचे कृष्णनाथ भटजी आले आणि पायरीखालीच थांबले.

"वर येवचें ना," ते म्हणाले. "तुमकां सुतक."

"कसले सुतक? तो गृहस्थ आमचा कोण लागतो?"

"तें म्हाका विचारूं नका. देवाक 'एक घर' म्हणान तुमीच सांगलां. दूरच्या भावकीक तीन दीस चलता, पूण घरच्याक धा."

भटजींनी पुढचंही सांगितलं. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस पाळायचे. दहा दिवसांनंतर कळलं तर तीन दिवस. कळलंच नाही तर काहीच नाही, कारण सुतक कानावाटे येतं. साखरपुडा पुढे गेला.

साडेचारशे माणसांच्या घरात कुणी ना कुणी जातंच, त्यात कुणाचा दोष नाही. चवथीला दोन दिवस असताना कारवारच्या एक आजी गेल्या. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं टोपलीत तशीच राहिली, गणपतीची मूर्ती चित्रशाळेतून उचलता आली नाही आणि आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदा चवथ झाली नाही. हा इतिहास चारशे चार पानांत कुठेच नाही. मी त्या दिवशी रिकाम्या माटोळीखाली बसून रडले आणि यांनी मला तसं पाहिलं.

गौरवीचं लग्न प्रवीणशी ठरलं होतं. प्रवीण तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. पहिला मुहूर्त सावंतवाडीच्या काकांनी घालवला, दुसरा वास्कोच्याच दुसऱ्या एका आजोबांनी. प्रवीणची रजा संपत आली. एकदा बोटीवर चढला की तो नऊ महिने परत यायचा नव्हता, आणि त्याच्या आईचा धीर नऊ महिने टिकणारा नव्हता.

"तुमच्यांत खूब मनशां मरतात," ती बाई मला फोनवर म्हणाली. "हो तिसरो म्हूर्त. चवथो आमी पळोवचे ना. चल्याक आमी दुसरी पळयतलीं."

मुलाला दुसरी पाहू, हे गौरवीला शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं. ती बाहेर आली, बापासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचें पुस्तक जालें. म्हजें लग्न केन्ना जातलें?" त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या पोरीने दोन वर्षं प्रवीणची वाट पाहिली होती, आणि मध्ये उभे होते ते तिने कधीच न पाहिलेले म्हातारे.

इतर घरांचीही हीच दशा. कुणाची घरभरणी, म्हणजे वास्तुशांत, अडलेली, कुणाचं बारसं. बेळगावच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या दत्तारामकाकांना दवाखान्यात ठेवल्याचं कळलं आणि एकशे बारा घरांतून फोन सुरू झाले. डॉक्टरांनी काय सांगितलं, पेज घेतली का, रात्री झोप लागली का. लोक सावंतवाडीहून बस करून शहाळी घेऊन गेले. इतकं प्रेम त्या माणसावर सख्ख्या मुलांनी केलं नसेल. तेही गहिवरले आणि नातेवाइकांच्या आग्रहाखातर आणखी दोन महिने जगले. मग गेले, नेमके लग्नसराईत.

आता मानशीकरांनी डोकं चालवलं. आत यायला ज्यांनी किल्लेदार आणले होते त्यांनी बाहेर पडायला खरं सांगायला सुरुवात केली. कारवारहून पत्र आलं की आमचे पणजोबा दत्तक होते, त्यांचं मूळ आडनाव वेगळं, तरी आमची नावं कमी करावीत. वास्कोच्या एका घराने कळवलं की आजोबा बंदरात कामाला लागले तेव्हा मुकादमाचं आडनाव लावलं होतं. बेळगावकरांनी तर शिक्क्यासकट कागद पाठवला. दोन वर्षं पायपीट करून यांना जो इतिहास सापडला नव्हता, तो आता घरबसल्या टपालाने येऊ लागला. संशोधन म्हणतात ते एवढंच पाहिलं मी. एकशे बारातली शंभर घरं गेली. फोनवर दिवसभर दिसायचं, अमुक यांनी ग्रुप सोडला, तमुक यांनी ग्रुप सोडला. हे जेवताना फोन शेजारी ठेवायचे आणि प्रत्येक नावाला त्यांचा घास थांबायचा. मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही येत होती.

यशवंतबाबांना मात्र सोडता येईना. पुस्तकात देवापेक्षा मोठा फोटो, कौल त्यांच्याच नावाने घेतलेला. आणि आम्हाला सोडायला दुसरं आडनावच नव्हतं.

तिसऱ्या मुहूर्ताला आठ दिवस उरले तेव्हा गोकुळदासांनी स्वतःचा फोन बंद केला, फडक्यात गुंडाळला आणि तांदळाच्या डब्यात पुरला. 'कुळातील प्रत्येक दुःखद वार्ता त्वरित कळवावी' असं पुस्तकाच्या पान सातवर त्यांनीच छापलं होतं. मग माझा आणि गौरवीचा फोन घेतला. वर्तमानपत्र बंद केलं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की हे मागच्या दाराने परसात जाऊ लागले, कारण पोदेर उंड्यांबरोबर गावभरच्या बातम्याही देतो. मी उंडे घेताना त्याला आधीच सांगून टाकायचे, "बातमी नाका, उंडे दी."

लग्नाची पत्रिका मी महादेवला स्वतःच्या हाताने लिहून पाठवली होती, वर 'भाऊबंद' असं घालून. यांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

लग्न झालं. मंगलाष्टकं चालू असताना हे सारखे मांडवाच्या दाराकडे पाहत होते, कुणी धावत येतंय का म्हणून. कुणी आलं नाही. अक्षता पडल्या, गौरवीचं आडनाव बदललं आणि मला पहिल्यांदा हायसं वाटलं की माझी मुलगी त्या पुस्तकातून सुटली. महादेव काही लग्नाला आला नाही. नाकारलेल्या माणसाने कशाला यावं, असं मी मनात म्हटलं, आणि तरी मला वाईट वाटलं.

पाठवणी, परतवणी सगळं आटोपल्यावर मी लग्नाचे लाडू घेऊन शिरगावला गेले. लग्नाला नऊ दिवस झाले होते. डिचोलीला बस बदलली, शिरगावच्या तिठ्यावर उतरले. महादेवचं घर रस्त्यापासून जरा आत. तो अंगणात लाकडं फोडत होता. डोक्यावर केस नव्हते, मिशी नव्हती. मी लाडवांचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले.

त्याची बायको लक्ष्मी बाहेर आली, मला पाहून दाराला टेकली आणि पदर डोळ्यांना लावला. महादेवची आई, चंद्रावती, गेली होती. लग्नाच्या पाच दिवस आधी, दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही.

"आणि आमकां सांगूंक ना?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"सांगपाचें कशें, वयनी?" महादेवने कुऱ्हाड भिंतीला टेकवली. "चलयेचो तिसरो म्हूर्त. हांगा सगळ्यांक सांगून दवरलें, कोरगावचें लग्न जाय मेरेन कोणें तोंड उगडूं नका. डिचोलेच्या बाजारात लेगीत कोणाक सांगूंक ना."

"तुमकां पुस्तकात घेऊंक ना. तुमचें सुतक आमकां लागता अशें कोणें सांगलें?"

त्याला प्रश्नच समजला नाही. "पुस्तकात ना म्हणान सुतक चुकता?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "भायर बसात. चाय करता ती."

मी रडले. चंद्रावतीबाईंना मी दोनदा भेटले असेन. पण कारवारच्या आजींसाठी, सावंतवाडीच्या काकांसाठी, दत्तारामकाकांसाठी मी तीसेक दिवस पाळले होते आणि एकदाही डोळा ओला झाला नव्हता. हे रडणं बहुतेक त्या सगळ्या दिवसांचं होतं, आणि थोडं माझ्या आईच्या तीन दिवसांचंही. लाडवांचा डबा मी तसाच परत आणला, कारण त्या घरात तो ठेवायला माझा हात होईना.

घरी येऊन मी अंघोळ केली आणि देवापुढे दिवा लावला नाही. गोकुळदास ओसरीवर यशवंतबाबांच्या नव्या बंगल्याच्या घरभरणीची पत्रिका वाचत होते. घरभरणी दोन दिवसांवर आली होती. अंधार पडू लागला तरी दिवा नाही म्हणून ते आत आले.

"आज दिवा का नाही?"

"सुतक आहे. दहा दिवस उलटून गेले, म्हणून तीन दिवसांचं."

त्यांचा चेहरा उतरला. "कोण गेले? ग्रुपवर तर काही नाही."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, लग्नाच्या पाच दिवस आधीपासून. ते हळूहळू पाटावर बसले. नंतर सवयीने म्हणाले, "पण त्यांचा अर्ज आपण..." आणि थांबले.

मी म्हणाले, "तुम्ही फोन तांदळात पुरून बसला होतात ना, तेव्हा तुमच्या मुलीचं लग्न तो माणूस सांभाळत होता. आईचं मढं दारात ठेवून सांभाळत होता. आता त्याच्याकडे कागद मागा जाऊन." इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. ते उठले. बराच वेळ कपाटात काहीतरी शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ते घरात नव्हते. नऊच्या सुमारास पेडण्याच्या बसने परत आले. डोकं साफ केलेलं, आणि मिशीही नाही. आमच्या लग्नाच्या फोटोतही आहे ती मिशी. मिशीशिवाय ते आबांसारखे दिसतात, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. पोदेर नेमका फाटकाशी होता.

"गोकुळदासबाब, कोण गेलें?" पोदेराने विचारलं.

"म्हजी काकी," हे म्हणाले. "शिरगावची." आणि मागच्या दाराने न जाता पुढच्या पायऱ्या चढून आत आले. पुष्कळ महिन्यांनी त्यांच्या तोंडून घरची बोली ऐकली.

मेजावर त्यांनी महादेवचा अर्ज ठेवला. 'नामंजूर'वर रेघ मारलेली होती. मग फोन घेतला. मी म्हणाले, "उद्या त्यांची घरभरणी आहे. दीडशे पानं मांडणार आहेत म्हणे." महादेवने कुणाचं शुभकार्य मोडू नये म्हणून तोंड मिटलं होतं आणि हे उघडायला निघाले होते, हे मला दिसत होतं. पण महादेव तो महादेव. आम्ही पुस्तकातले मानशीकर. मी त्यांना अडवलं नाही.

"खबर आसा," ठाऊक आहे, एवढंच हे मला म्हणाले आणि नंबर लावला.

यशवंतबाबांचा आवाज मला शेगडीपाशी ऐकू येत होता. मागे मांडवाचे खांब ठोकल्याचे आवाज.

"यशवंतबाब, चंद्रावती काकी गेली," हे म्हणाले. "शिरगावच्या महादेवची आवय. दोन आठवडे जाले. तीन दिसांचें आसा."

पलीकडे ठोकणं थांबलं. "ती आमची न्हय," यशवंतबाब म्हणाले. त्यांचंही छापील मराठी गळून पडलं होतं. "तांचो अर्ज आमी न्हयकारला."

"अर्ज म्हज्या हातात आसा. शेरो हांवें मारिल्लो, हांवेंच पुसलो."

"गोकुळदास, फाल्यां म्हजी घरभरणी. तूं म्हाका फोन केलोच ना अशें समज. हांवें कांयच आयकूंक ना."

गोकुळदासांनी आपल्या नव्या, उघड्या ओठावरून हात फिरवला. मग फोन तोंडाच्या जवळ आणून, सावकाश, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं, "चंद्रावती महादेवची आवय. आमची काकी. ती गेली. आयकलें न्हय तुमी?"

पलीकडे कुणीतरी हातोडा खाली ठेवला.

"आयकलें म्हणजे जालें," हे म्हणाले आणि फोन खाली ठेवला.